शीळ, खडू आणि वाणी : ‘एम्’ या बोलपटाचा एक विचार

फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘एम्’ हा जर्मन बोलपट मे १९३१ मध्ये बर्लिन येथे प्रथम प्रदर्शित झाला. लहान मुलांची हत्या करणाऱ्या एका इसमाचा सारे शहर शोध घेते, एवढेच त्याचे कथानक. पटकथा लांग आणि त्याची पत्नी थेआ फॉन हार्बौ यांची. खुनी हान्स बेकर्टची भूमिका पीटर लोरे या नटाची. रहस्यपटांची परंपरा सांगताना या कृतीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. प्रस्तुत लेखात तिच्याविषयी भाषेच्या अभ्यासकाला सुचणारा एकच प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे : जो पडद्यावर नाही त्याचे ज्ञान हा बोलपट आपल्याला कशाच्या साहाय्याने करून देतो, आणि त्या ज्ञानावर आपण कितपत विसंबावे?

आरंभीचाच प्रसंग पाहा. एल्झी नावाची मुलगी शाळेतून घरी यावयाची आहे. आई जेवणाची तयारी करून वाट पाहते, मग हाका मारू लागते. त्या हाकांबरोबर आपल्याला दिसतो तो ओस जिना, रिकामा माळा आणि मेजावरील न वापरलेली ताटली. नंतर घरंगळत येऊन थांबलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. हत्या दाखविलेली नाही. तिचा उच्चारही नाही. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे अभिधेला कामच उरलेले नाही. जे कळते ते व्यंजनेने. आनंदवर्धनाने ज्या सूचित अर्थाला ‘ध्वनी’ म्हटले, तो येथे रिकाम्या जिन्यात विरणाऱ्या एका हाकेच्या आश्रयाने उभा राहतो.

लांगचा हा पहिलाच बोलपट. तरीही नवे साधन हाती आले म्हणून त्याने तो पार्श्वसंगीताने भरून टाकला नाही. बेकर्ट शिळेवर एक सूर घालतो. इब्सेनच्या ‘पेर ग्युंट’ या नाटकासाठी ग्रीगने रचलेल्या संगीतातील तो आहे. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे, त्याप्रमाणे ती शीळ ऐकून बेकर्टचे अनुमान करावयास आपण शिकतो. खुनी कोण, हे प्रेक्षकापासून फार काळ लपविलेले नाही. उत्कंठा आहे ती निराळी : आपण जे जाणतो ते शहराला केव्हा कळणार?

शहराचा शोध दोन मार्गांनी चालतो. पोलीस लेखनाच्या मागावर आहेत. खुन्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले आहे. लाल पेन्सिलीच्या खुणा आणि एका विशिष्ट सिगारेटची थोटके त्यांना त्याच्या खोलीपर्यंत नेतात. पोलिसांच्या धाडींनी धंदा बसलेले गुन्हेगार भिकाऱ्यांना पहाऱ्यावर बसवितात, आणि त्यांना यश येते ते श्रवणाने. एल्झीसाठी ज्याच्याकडून फुगा घेतला तो विक्रेता आंधळा आहे. तीच शीळ पुन्हा कानी पडताच तो खुन्याला ओळखतो. मग एक तरुण आपल्या तळहातावर खडूने ‘एम्’ हे अक्षर लिहितो आणि निमित्त काढून बेकर्टच्या खांद्यावर उमटवितो. ‘म्योर्डर’, म्हणजे खुनी, या जर्मन शब्दाचे हे आद्याक्षर होय.

या दोन चिन्हांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. शीळ त्याच्या आतून, नकळत बाहेर पडते. खडूचे अक्षर इतरांनी त्याच्यावर ठेवलेले आहे. पहिले त्याचे लक्षण, दुसरे त्याच्यावरील शिक्का. पहिल्यावरून अनुमान करावयाचे असते. दुसऱ्याने निकालच दिलेला असतो.

तोपर्यंत बेकर्ट फारच थोडे बोललेला आहे. गुन्हेगारांनी भरविलेल्या न्यायसभेत मात्र त्याला कंठ फुटतो. त्याच्या आक्रोशात जर्मन भाषेतील दोन क्रियापदे एकमेकांवर आदळत राहतात : एक इच्छेचे, दुसरे अगतिकतेचे. मला करावयाचे नाही, पण केल्यावाचून सुटका नाही, हा त्याचा आशय. अपराध त्यामुळे अणुमात्र कमी होत नाही. परंतु अक्षर पुसट होते आणि त्यामागील माणूस दिसू लागतो. त्याला कायद्याच्या हवाली करा, असे म्हणणारा एक बचावकर्ताही त्या सभेत उभा राहतो. लांगने या वाणीला पुरेसा अवधी दिला, हे या बोलपटाचे मर्म आहे.

पुढील चित्रपटांनी यातील शीळ मनःपूर्वक स्वीकारली. हिचकॉकच्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’ (१९४३) मध्ये लेहारच्या एका वॉल्ट्झचा सूर खुन्याभोवती घुटमळतो. भाची त्या सुराचे नाव उच्चारण्याच्या बेतात असताना मामा पेला सांडून तिला थांबवितो. स्पीलबर्गच्या ‘जॉज’ (१९७५) मध्ये जॉन विल्यम्सची दोन स्वरांची आवर्तने न दिसणाऱ्या शार्क माशाची वर्दी देतात. दोन मुले खोटा पर लावून लोकांना घाबरवितात त्या वेळी ते स्वर वाजत नाहीत. चिन्हाचा अभावही अर्थ देतो, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगावयास मिळणे कठीण.

वाणीचा वारसा मात्र असा सहज चालला नाही. लांग आणि लोरे या दोघांनीही १९३३ मध्ये जर्मनी सोडली. १९४० मध्ये ज्यूंविरुद्ध काढलेल्या एका नाझी प्रचारपटात ज्यू असलेल्या लोरेचे हेच भाषण तोडून घालण्यात आले. नटाने पात्रासाठी उच्चारलेले शब्द संदर्भातून उपटून एका समाजावर शिक्का म्हणून मारण्यात आले. ज्या वाणीने खडूचे अक्षर पुसट केले होते, तिचाच अशा रीतीने खडू करण्यात आला.

उत्कंठा निर्माण करण्याचे तंत्र ‘एम्’पासून शिकता येते आणि ते पुष्कळांनी शिकले. चिन्हावरून माणूस ओळखता येतो. तथापि ओळखणे म्हणजे ऐकून घेणे नव्हे, हा त्याचा दुसरा धडा आहे. चिन्हांचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तरी तो नजरेआड करू नये.