संदर्भ किती आणि रुग्ण किती?

शेजारच्या वाडीतल्या एका माउलीने आम्हांला विचारले, “भाऊ, लेक चार महिने बोलत नाही. चुंबकाच्या यंत्रावर हजारो निबंध आहेत म्हणतात. गळ्यातले मोडू का?” औषध अजून सुरूच केलेले नव्हते.

आम्ही पडलो कारकून. कचेरीत प्रत्येक पत्रावर ‘संदर्भ’ घालतो. एकाच पत्राचा संदर्भ पन्नास ठिकाणी सापडला तर ते गाजलेले खरे; पण त्यांतली काही पत्रे हरकतीचीही असतात! शास्त्रज्ञांचेही असेच रजिस्टर आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली ती संदर्भसूची सुरू केली. कोणता निबंध किती जणांनी आधाराला घेतला, ते तीत मोजतात. जुन्या निबंधाचा आकडा आपोआप फुगतो.

डोक्याबाहेरून चुंबकाने मेंदू चेतवण्याचे यंत्र १९८५ साली शेफील्डला अँथनी बार्कर यांनी दाखवले. १९९५ साली अमेरिकेत मार्क जॉर्ज व सहकाऱ्यांनी ते नैराश्यावर वापरले. या निबंधाचा आधार पुढे कितीकांनी घेतला, पण त्यात रुग्ण होते अवघे सहा! २०१८ साली कॅनडातल्या चाचणीत मात्र ४१४ रुग्ण होते. तिथे तीन मिनिटांचा उपचार साडेसदतीस मिनिटांच्या उपचाराइतकाच उपयोगी ठरला. म्हणजे उपचार खोटा नाही. परंतु या चाचण्या मुख्यतः औषधाने गुण न आलेल्यांवर झाल्या.

आपल्या रत्नागिरीत १८८६ पासून सरकारी मनोरुग्णालय आहे. त्याचे नाव काढताच माउलीने आजूबाजूला पाहिले, आवाज खाली आणला. “लोक काय म्हणतील?”

सोमवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. केसपेपर काढायला तिच्यासोबत जाणार आहोत.