घरचं राज्य कुणाच्या पदरात?

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत उमेदवाराला त्याचं स्वतःचं राज्य साथ देतं का? भिवंडीत हा प्रश्न विचारला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो : स्वतःचं राज्य कोणतं, जन्माचं की पोटापाण्याचं? इथल्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार राबतात, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या पिढ्या इथेच वाढल्या. या शहरातून त्या निवडणुकीकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टी स्वच्छ दिसतात.

आधी १९६९ पाहू. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या लढतीत तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडलं होतं. महाराष्ट्राने ज्याला डोक्यावर घ्यावं असा याहून थोर दावेदार कुठला? पण त्यांच्या पाठीशी होते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ. १९६७ साली २७० जणांच्या विधानसभेत जनसंघाचे ४ आमदार निवडून आले होते, स्वतंत्र पक्षाचा एकही नाही. देशभरातून मिळून देशमुखांना पहिल्या पसंतीचं मतमूल्य मिळालं १,१२,७६९, गिरींना ४,०१,५१५. त्यागाची आठवण होती, पण मतपेटी आमदार-खासदारांची होती.

२००७ साली चित्र पालटलं. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील काँग्रेस आघाडीच्या उमेदवार झाल्या. शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती. तरीही मराठी माणूस राष्ट्रपती होतोय म्हणून बाळासाहेब ठाकरे यांनी पाठिंबा त्यांना दिला. जन्मभूमीच्या हाकेने आघाडीची भिंत ओलांडली, हे खरं. पण हिशोबही पाहावा : पाटील यांना मतमूल्य मिळालं ६,३८,११६, तर त्यांचे प्रतिस्पर्धी भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६. शिवसेनेची झाडून सगळी मतं उलटी गेली असती तरी निकाल तोच लागला असता.

हरणाऱ्याच्या वाट्याला हा जिव्हाळा येत नाही. २०१२ साली संगमा यांना त्यांच्याच मेघालयात प्रणव मुखर्जींपेक्षा कमी मतं पडली. २०१७ साली बिहारच्या मीरा कुमार बिहारमध्ये मागे पडल्या, कारण नितीश कुमार यांचा पक्ष रामनाथ कोविंद यांच्याकडे गेला. २०२२ साली यशवंत सिन्हा यांना त्यांच्याच झारखंडच्या ८१ आमदारांपैकी ९ जणांची मतं मिळाली, द्रौपदी मुर्मू यांना ७०. मुर्मू यांच्या स्वतःच्या ओडिशात मात्र त्यांना १३७ मतं मिळाली, सिन्हांना ९. तिथे काँग्रेसच्या एका आमदाराने ओडिशाच्या लेकीला मत दिल्याचं उघडपणे सांगितलं.

यात एक योगायोग ठळक आहे. पाटील राजस्थानच्या राज्यपाल होत्या, प्रतिस्पर्धी राजस्थानचे. कोविंद बिहारचे राज्यपाल होते, प्रतिस्पर्धी बिहारच्या. मुर्मू झारखंडच्या राज्यपाल राहिलेल्या, प्रतिस्पर्धी झारखंडचे. तिन्ही वेळा जिंकला तो राजभवनातून आलेला उमेदवार.

आता भिवंडीकडे वळू. शहर आणि तालुका मिळून पूर्व, पश्चिम आणि ग्रामीण असे तीन मतदारसंघ. २०२२ साली पूर्वेला समाजवादी पक्षाचा आमदार होता आणि त्या पक्षाने सिन्हांना पाठिंबा दिला होता. पश्चिमेच्या भाजपने आणि ग्रामीणच्या शिवसेनेने मुर्मूंना. मतदान होतं विधानभवनात. आमदाराला गुलाबी मतपत्रिका मिळते, निवडणूक आयोगानेच दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने पसंतीचा आकडा घालायचा. मत गुप्त असतं, पक्षादेश लागू नसतो. म्हणजे मनातल्या प्रांताला मत द्यायला आमदार मोकळा असतो. पण पक्षाची रेघ ओलांडणारे थोडेच निघतात.

आमदाराच्या मताचं वजन कसं ठरतं? राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येला आमदारसंख्येने आणि मग हजाराने भागायचं. महाराष्ट्राच्या ५,०४,१२,२३५ लोकसंख्येला २८८ ने आणि मग हजाराने भागलं की आमदाराचं मतमूल्य येतं १७५. उत्तर प्रदेशात ते २०८ आहे. भिवंडीचे तीन आमदार मिळून ५२५. १९७१ साली हे शहर लाखाच्या आत होतं. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्रात ७,०९,६६५ माणसं नोंदली गेली. नंतर इथे येऊन स्थिरावलेल्यांच्या घरची माणसं त्या जुन्या हिशोबात अजून मूळ गावातच उभी आहेत.

तेव्हा निष्कर्ष सरळ आहे. घरचं राज्य जिंकणाऱ्याचं मताधिक्य वाढवतं, हरणाऱ्याला तारत नाही. उमेदवाराच्या जन्मगावापेक्षा तिथल्या विधानसभेतलं पक्षबळ मोठं ठरतं आणि ते ठरवणारे मतदार आपणच असतो. घटनेनुसार १९७१ चा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंतच चालायचा आहे. म्हणून भिवंडीकरांना, मागावरच्या प्रत्येक कामगाराला एकच विनंती : प्रगणक दारात येईल तेव्हा जिथे राहता, जिथे राबता, तिथेच स्वतःची नोंद करून घ्या.