हे तिकीट खरं की नकली? : प्राणी, नकाशे आणि अनधिकृत तिकिटं



मुलांचा तिकिटं जमवण्याचा छंद बहुतेक वेळा मिश्र तिकिटांच्या पाकिटापासून सुरू होतो. त्यात वाघ, जिराफ, फुलपाखरांची चकचकीत तिकिटं भरपूर निघतात. मग कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "अरे, ही तर नकली!" आणि मूल हिरमुसतं. माझं म्हणणं असं, की ती तिकिटं फेकू नका. नागरिकशास्त्र आणि भूगोल, दोन्हींचा पाठ त्यात आहे.

अनधिकृत म्हणजे काय?

टपाल तिकीट ही पैसे आधीच भरल्याची पावती असते. ते पाहून टपाल खातं पत्र पोचवायची जबाबदारी घेतं. दिसायला तिकीट, पण मागे कोणत्याही देशाचं टपाल खातं नाही, ते अनधिकृत. संग्राहक अशा तिकिटांना 'सिंड्रेला' म्हणतात. पण ती सगळीच फसवी नसतात. ढोबळमानाने तीन प्रकार मुलांना सांगता येतील.

१) देणगीची तिकिटं : १९०४ मध्ये डेन्मार्कमधल्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून मदतनिधीसाठी अशी तिकिटं निघाली. आपल्याकडची क्षयरोग निवारणाची टीबी सील याच प्रकारातली. पाकिटावर शोभेला चालतात, पण टपालखर्च म्हणून नाही.

२) खासगी टपालाची तिकिटं : इंग्लंडजवळच्या लंडी बेटावरचं सरकारी टपाल कार्यालय बंद झालं होतं. १९२९ मध्ये बेटाच्या मालकाने, मार्टिन कोल्स हार्मन यांनी, पफिन पक्ष्याचं चित्र असलेली स्वतःची तिकिटं काढली. किंमतही 'एक पफिन', 'अर्धा पफिन'! बेटावरून मुख्य भूमीपर्यंत पत्र नेण्याचं ते भाडं होतं. पुढच्या प्रवासाला ब्रिटिश तिकीट लागायचंच. हार्मन यांनी नाणीही पाडली, तेव्हा मात्र त्यांना दंड झाला. तिकिटं चालू राहिली.

३) दिशाभूल करणारी तिकिटं : १९७० च्या सुमारास 'नागालँड' नाव छापलेली रंगीत तिकिटं परदेशातल्या संग्राहकांच्या बाजारात आली. नागालँड १९६३ पासून भारताचं राज्य आहे, आणि आपल्याकडे राज्यं स्वतःची टपाल तिकिटं काढत नाहीत. पण अल्बममध्ये ते नाव पाहून लहान मुलाला तो वेगळा देश वाटू शकतो. म्हणून इथे थांबून बोलायलाच हवं.

नकाशा म्हणजे दावा

नकाशाचं तिकीट दिसलं की विचारा, "हा नकाशा कोणी छापला? सीमा कुठे दाखवली?" हा प्रश्न अधिकृत तिकिटालाही लागू आहे. १९५७ मध्ये नवे पैसे आले, तेव्हा आपल्या टपाल खात्याने भारताच्या नकाशाची तिकिटं काढली. ती आपली ओळख होती. पण १९३७ मध्ये निकाराग्वाने तिकिटावरच्या नकाशात होंडुरासकडचा काही भाग 'वादग्रस्त' म्हणून दाखवला आणि दोन देशांत मोठा तणाव झाला. एवढासा कागद, पण काय ताकद!

ओळखायचं कसं?

भारतीय तिकिटावर 'भारत' आणि 'इंडिया' ही दोन्ही नावं व किंमत पाहावी. मात्र नाव नाही म्हणजे नकली, असं समजू नये. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नावच नसतं, राजा किंवा राणीचं मुखचित्र असतं. अनोळखी नाव दिसलं तर आधी नकाशासंग्रहात शोधायला लावा. तो देश आहे, बेट आहे की एखाद्या देशातलं राज्य?

वर्गात करून पाहा

• अल्बममध्ये 'सिंड्रेला' नावाचं वेगळं पान करा. प्रत्येक तिकिटाखाली मुलांनी लिहावं : कोणी काढलं, कशासाठी काढलं.
• 'वर्ग टपाल' सुरू करा. मुलांनी पेंचचा वाघ किंवा झिरो माईल दाखवणारा नागपूरचा नकाशा काढून तिकीट बनवावं. वर्गाचं नाव आणि 'एक वाघ' अशी किंमत घालावी. 'भारत' लिहू नये आणि ते खऱ्या पत्राला लावू नये.
• दोन मुलं पोस्टमन. एक दिवस मुद्दाम पत्रं वाटू नका आणि विचारा, "आता या तिकिटाला काय किंमत?"

उत्तर मुलंच देतील. चित्र कितीही सुंदर असो, पत्र पोचवण्याचा शब्द पाळणारं कोणी असेल, तरच ते तिकीट.