वाळूवरचा बंधारा

आपल्याकडची गोदावरी काळ्या पाषाणावरून वाहते. नाशिकच्या रामकुंडापाशी पाण्यात उतरलं की पायाला दगडच लागतो. हीच नदी राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला पोचते, तेव्हा पात्र काही किलोमीटर पसरलेलं असतं आणि तळाला नुसती वाळू. मद्रास इंजिनीअर्सच्या आर्थर कॉटन यांनी १८४७ साली बंधाऱ्याचं काम सुरू केलं ते इथेच.

कॉटन १८२१ मध्ये, अठराव्या वर्षी, मद्रासला आले आणि पुढे जनरल होऊन निवृत्त झाले. त्यांचं नाव राहिलं ते मात्र पाटबंधाऱ्यांमुळे. आणि वाळूत पाया कसा घालायचा, हे ते आपल्याच लोकांकडून शिकले. तिरुचिरापल्लीजवळ कावेरीवर कल्लणै हा चोळ राजा करिकालाच्या नावानं ओळखला जाणारा प्राचीन बंधारा आहे. तिथली रीत अशी: वाळूत मोठे दगड टाकायचे, ते खचू द्यायचे, वर आणखी टाकायचे. खचायचे थांबले की बांधकाम चढवायचं. हे ऋण कॉटन यांनी मोकळेपणानं मान्य केलं.

बंधाऱ्याला खरा धोका वरच्या लोंढ्यापेक्षा पोटाखालून झिरपणाऱ्या पाण्याचा. ते वेगानं बाहेर पडलं तर वाळूचे कण सोबत नेतं, खाली पोकळी होते आणि भिंत बसते. उपाय सोपा आहे: बांधकाम बुटकं ठेवायचं, पण आडवं खूप पसरायचं. पाण्याची वाट लांबली की त्याचा जोर मरतो. याचं गणित ब्लाय या इंजिनीअरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. धवळेश्वरमचं काम त्याआधीच, १८५२ मध्ये, पुरं झालं होतं. चार तुकडे, मिळून सुमारे साडेतीन किलोमीटर. वाळूत उतरवलेल्या विहिरींवर भिंत आणि तिच्या पायथ्याशी लांबवर पसरलेले ओबडधोबड दगड.

कॉटन हट्टीही होते. रेल्वेऐवजी कालव्यांवर पैसा घाला, हा धोशा त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडला नाही; पण त्यांनीच पुरस्कारलेला कर्नूलचा कालवा आतबट्ट्याचा ठरला.

जुन्या बंधाऱ्याची जागा आता कॉटन यांच्याच नावाच्या दरवाजांच्या बॅरेजनं घेतली आहे. त्याआधी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तिथे एकच रिवाज होता: पूर ओसरला की दगड कुठे खचलेत ते पाहायचं, आणि तेवढ्या जागी नवे टाकायचे.