रंगविलेल्या पायऱ्या आणि काळा पाषाण : परभणी परिसरातील प्राचीन वास्तूंचे छायाचित्रण

जिंतूर तालुक्यातील चारठाणा, गंगाखेड तालुक्यातील धारासूर आणि सेलू तालुक्यातील वालूर ही परभणी जिल्ह्यातील मध्ययुगीन वास्तुकलेची उल्लेखनीय स्थळे होत. तेथे जाणारा प्रवासी छायाचित्र घेतल्याखेरीज परतत नाही. ही छायाचित्रे बहुधा आठवणीखातर घेतली जातात. तथापि रंगरंगोटीमुळे वास्तूचा मूळ पृष्ठभाग झाकला गेला, तर तीच पुढे अभ्यासाचे साधन ठरतात. म्हणून ती कशी घेतली गेली, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

मराठवाड्यातील अशा वास्तूंचा दगड मुख्यतः बेसाल्ट, म्हणजेच काळा पाषाण होय. यात्रेपूर्वी मंदिराच्या पायऱ्या व ओटे रंगविण्याची प्रथा भक्तिभावातून आलेली आहे. तिची अज्ञान म्हणून हेटाळणी करणे उचित नव्हे. पूर्वी या कामी चुना व गेरू वापरीत. चुन्याचा थर सच्छिद्र असल्याने दगडातील ओल बाहेर पडते आणि काही पावसाळ्यांत तो थर आपोआप विरतो. तैलरंगाचे तसे नाही. सांध्यांतून झिरपलेली ओल त्याच्या पापुद्र्यामागे अडकते. पापुद्रा सुटताना झिजलेल्या दगडाचे कणही सोबत नेतो. शिवाय थरांवर थर चढले की छिन्नीचे घाव, पाथरवटांच्या खुणा आणि पायरीच्या दर्शनी भागावरील नक्षी बुजून जाते. तारेच्या ब्रशने रंग खरवडणे हा तर रोगापेक्षा भयंकर उपाय होय.

छायाचित्रकारापुढील अडचण निराळी आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. परिणामी चौकट काळ्या पाषाणाने भरली असता तो दगड फिकट उतरतो आणि चौकटीत पांढरा रंग अधिक असता तोच रंग मळकट दिसतो. औंढा नागनाथ येथे याचा प्रत्यय येतो. (१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत औंढा परभणी जिल्ह्यातच होते.) तेथील शिल्पांकित भिंती काळ्या पाषाणाच्या आहेत, तर उत्तरकालीन शिखर पांढऱ्या रंगासाठी ओळखले जाते. एकाच छायाचित्रात दोन्हींचा तपशील मिळविण्याचा आग्रह धरण्यापेक्षा भिंत आणि शिखर यांसाठी स्वतंत्र छायाचित्रे घेणे श्रेयस्कर.

पायऱ्यांच्या बाबतीत प्रकाशाची दिशा निर्णायक ठरते. सकाळी वा सायंकाळी तिरपे ऊन पडले की रंगाखाली दबलेली नक्षी तिच्या सावलीमुळे ओळखू येते. भर दुपारी, विशेषतः समोरून फ्लॅश वापरल्यास, चकाकणारा तैलरंग तेवढा दिसतो. वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार उतरत जातात. त्यामुळे वरून घेतलेले एक देखणे छायाचित्र तिची रचना सांगण्यास पुरेसे नाही. प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा यावा, अशा क्रमाने फिरत फिरत ती घेतल्यास संगणकाच्या साह्याने पायऱ्यांची त्रिमिती प्रतिकृतीही सिद्ध करता येते.

यासोबत चौकटीत मोजपट्टी आणि करड्या रंगाचे पत्रक ठेवावे. दिनांक, दिशा व उभे राहण्याचे ठिकाण टिपून घ्यावे. मोबाईलवरील रंग खुलविणारी सोय बंद ठेवावी, कारण तिने सुधारलेला भगवा वा पिवळा रंग हा पायरीचा रंग नव्हे. गाभाऱ्यात छायाचित्रण करण्यापूर्वी पुजाऱ्यांची अनुमती घेणे हे सांगावयास नकोच.

अशा नोंदींसाठी प्रत्येक वेळी नव्याने कॅमेरा उचलावा लागतो असेही नाही. देवदर्शनास आलेल्या नवदांपत्याचे मंदिराच्या पायरीवर छायाचित्र काढण्याची रीत गावोगाव आहे. इतिहास विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे लग्नाचे जुने अल्बम चाळले, तर वधूवरांच्या पायांखाली रंग चढण्यापूर्वीची पायरी हाती लागू शकते, आणि लग्नपत्रिकेमुळे तिचा दिनांकही.