सातबारापासून परिशिष्ट नऊपर्यंत

वर्ध्याहून आर्वीकडे निघालं की रस्त्यात मोठी आंजी लागते. कपाशी, तूर, सोयाबीन ही इथली पिकं. मृगाच्या तोंडावर इथला शेतकरी कृषी केंद्रातून बीटी कपाशीचं पाकीट घेतो, तेव्हा त्यावरची कमाल किंमत ना कंपनीने ठरवलेली असते ना दुकानदाराने. ती दिल्लीत ठरते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला आणि पुढच्या हंगामात बोलगार्ड-२ या बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला ८०० रुपयांची मर्यादा घातली. आदेश निघाला तो आवश्यक वस्तू कायदा, १९५५ च्या आधाराने. हा कायदा मोडला तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि १९७६ पासून तो राज्यघटनेच्या परिशिष्ट ९ मध्ये १२६ व्या क्रमांकावर बसलेला आहे.

पाकीट स्वस्त मिळालं तर कोण तक्रार करेल? पण बियाण्याची किंमत बांधणारा कायदाच कांदा-डाळीच्या साठ्यावर मर्यादा आणतो आणि शेतकऱ्याचा माल बाजारात आला की भाव खाली बसवतो. म्हणून शेतकरी संघटनेच्या सभांत गेली कित्येक वर्षं या परिशिष्टाचा उद्धार होत आला आहे. ते नेमकं चालतं कसं, हे मात्र सभेत सांगायला वेळ मिळत नाही.

परिशिष्ट ९ ही घटनेच्या शेवटी जोडलेली कायद्यांची यादी आहे. आज तिचे क्रमांक २८४ पर्यंत जातात, त्यातले बहुतेक कायदे जमिनीशी निगडित. यादीला बळ देतं कलम ३१-ब. ते सांगतं की या यादीतला कायदा मूलभूत हक्कांच्या विरुद्ध आहे म्हणून रद्द समजला जाणार नाही; एखाद्या न्यायालयाने तो आधीच रद्द केला असेल, तरीही नाही. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. न्यायालयात मेलेला कायदा यादीत नाव चढताच उठून बसतो, आणि तोही जन्मतारखेपासून.

नाव चढवायचं कसं? त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं पाहिजेत. राज्यांच्या विधानसभांची मंजुरी लागत नाही. पन्नास कायद्यांची नावं एका दुरुस्तीत घालता येतात, आणि तशी घातलीही गेली आहेत. संरक्षण फक्त मूलभूत हक्कांच्या आक्षेपापासून मिळतं. तो कायदा करण्याचा अधिकार त्या विधिमंडळाला होता का, किंवा अधिकाऱ्याने कायदा सोडून काही केलं का, हे प्रश्न कोर्टात विचारता येतात. यादीतल्या कायद्यात नंतर बदल केला, तर तो बदल आपोआप सुरक्षित होत नाही. त्याचं नाव वेगळं चढवावं लागतं.

ही यादी जन्माला आली जून १९५१ मध्ये, पहिल्या घटनादुरुस्तीने. पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, राज्यसभा नव्हती. घटना समितीच हंगामी संसद म्हणून बसत होती. त्या मार्चमध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा समतेच्या हक्काला बाधक म्हणून रद्द केला होता. नेहरूंना वाटलं, एकेक खटला लढत बसलो तर जमीन सुधारणा वकिलांच्या दप्तरात अडकून पडेल. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी विरोध केला. दुरुस्ती मंजूर झाली. पहिल्या यादीत १३ कायदे होते.

त्यातला आठवा आपला. आपला म्हणजे वर्ध्याचा, कारण तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तिथेच राहिला. वऱ्हाडात रयतवारी होती, पण वर्धा नदीच्या अलीकडे नागपूर-वर्ध्याच्या बाजूला मालगुजारी. इंग्रजांनी भोसल्यांच्या काळचे पाटील आणि वसुली करणारे यांनाच गावाचे मालक ठरवलं होतं. गावाचा सारा मालगुजार भरायचा; पडीक, झाडोरा, तळं, सगळ्यांवर त्याचा हक्क. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ ला हे हक्क सरकारजमा झाले. मालगुजाराकडे त्याची घरची शेती मालिक मकबुजा म्हणून राहिली, बाकी गाव सुटलं. मालगुजार सर्वोच्च न्यायालयात गेले, मे १९५२ मध्ये हरले. ३१-ब समोर उभं होतं.

हे झालं ते चांगलं झालं, असं माझं मत आहे. वर्ध्याच्या पट्ट्यात ज्यांच्या आज्याने मालगुजाराच्या बैठकीबाहेर चपला काढल्या, त्यांना वेगळं पटवता येणार नाही. वाद उद्देशाचा नाही. पुढाऱ्यांनी रस्ता कोणता निवडला, हा आहे.

इथे अमेरिकेकडे पाहायला हरकत नाही. तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचा गाभा अध्यक्षांच्या भाषणांत शोधू नये, घटनेच्या वाचनात शोधावा. त्यांच्या मते घटना म्हणजे सरकारला दिलेल्या अधिकारांची मोजकी यादी. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात काँग्रेसचे अधिकार मोजून लिहिले आहेत. दहावी दुरुस्ती सांगते की जे दिलं नाही ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहिलं. पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक उपयोगासाठी खासगी मालमत्ता घ्यायची तर न्याय्य मोबदला द्यावाच लागेल. १८०३ च्या मारबरी खटल्यापासून कोर्ट हे तपासतं. आणि हे बदलायचं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. आजवर दुरुस्त्या झाल्या २७. कोर्टाने कोणते कायदे तपासायचे नाहीत याची यादी घटनेलाच जोडावी, ही कल्पना या मंडळींना कमालीची चमत्कारिक वाटेल.

आता त्यांची तक्रार शेतीतूनच समजून घेऊ, कारण ती तिथेच सगळ्यांत स्पष्ट दिसते. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला सरकारी कोट्याप्रमाणे ११.१ एकर गहू पेरायची मुभा होती. त्याने २३ पेरला. जास्तीचा गहू आपल्या कोंबड्यांना, गुरांना आणि घरी खायला, असं त्याचं म्हणणं. ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला: घरी खाल्लेला गहू बाजारातून विकत घेतला गेला नाही, असं अनेकांनी केलं तर आंतरराज्य व्यापारावर परिणाम होतो, म्हणून काँग्रेसला अधिकार आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह वकील आजही हा निकाल सरकारी हात कसा लांबतो याचा नमुना म्हणून काढतात. दुसरा खटला कॅलिफोर्नियाच्या हॉर्न कुटुंबाचा. १९३७ च्या कायद्याखाली मनुक्यांचा भाव टिकावा म्हणून उत्पादनाचा एक हिस्सा राखीव साठ्यात द्यावा लागे. २००२-०३ च्या हंगामात तो ४७ टक्के होता. हॉर्न यांनी तो दिला नाही. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मनुके हीसुद्धा मालमत्ताच, आणि ती घेतली तर मोबदला द्या.

हे वाचताना विदर्भातल्या माणसाला एकाधिकार कापूस खरेदी आठवेल. १९७१ चा कायदा, १९७२ पासून योजना. राज्यात कापूस विकत घेणार एकटं सरकार. व्यापाऱ्याला विकणं गुन्हा, राज्याबाहेर नेणं गुन्हा. सुरुवातीला ती शेतकऱ्याला आधार वाटली, हेही खरं. पण पलीकडे मध्य प्रदेशात भाव चढा असला की रात्री गाड्या निघत, आणि आपल्याच वावरातला कापूस नेणारा माणूस चोर ठरे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकातून सांगितली नाही, ती शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीतून सांगितली. त्यांना कुणी कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं असतं तर ते उखडले असते. तरी बाजारपेठेचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागणारा, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढणारा हा माणूस आपल्याकडे त्या विचाराच्या सगळ्यांत जवळ येतो. त्याआधी १९५९ मध्ये राजाजींचा स्वतंत्र पक्ष निघाला होता. त्याने सतराव्या दुरुस्तीला विरोध केला, तो याच मुद्द्यावर.

ही सतरावी दुरुस्ती १९६४ ची. तिच्यातून महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा, लोकांच्या तोंडी सीलिंग, परिशिष्ट ९ मध्ये गेला. मालगुजारी बुडवणाऱ्या कायद्याने जो दरवाजा उघडला होता, त्यातूनच आता स्वतः कसणारा आत ओढला गेला. १९७५ च्या सुधारणेने मर्यादा खाली आणली: बारमाही ओलिताची १८ एकर, एका पिकाला खात्रीचं पाणी असेल तर २७, आणि कोरडवाहू ५४ एकर, पाच जणांच्या कुटुंबाला. त्यावरची जमीन अतिरिक्त, आणि मिळणारी रक्कम बाजारभावाने नव्हे. या सुधारणा १९७६ मध्ये, आणीबाणीत, परिशिष्टात चढल्या. आवश्यक वस्तू कायदाही त्याच चाळिसाव्या दुरुस्तीने. आधल्या वर्षी तर मिसा चढला होता. माणसाला चौकशीविना डांबणाऱ्या कायद्याचा जमीन सुधारणेशी काय संबंध, हे विचारायला तेव्हा बरेच जण तुरुंगातच होते.

विदर्भातले जमीनधारक सीलिंगविरुद्ध उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. ऑगस्ट १९७६ मध्ये हरले. सर्वोच्च न्यायालयात जानेवारी १९७७ मध्ये हरले. आणीबाणी उठल्यावर प्रकरण पुन्हा उभं राहिलं, आणि त्यातून वामनराव निकाल आला. मे १९८० मध्ये आदेश, नोव्हेंबरमध्ये कारणं. न्यायालयाने एक तारीख आखली: २४ एप्रिल १९७३. त्या दिवशी केशवानंद भारती खटल्यात, नानी पालखीवाला यांच्या युक्तिवादानंतर, ठरलं होतं की संसद घटना दुरुस्त करू शकते पण तिचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही. त्याआधी परिशिष्टात गेलेले कायदे सुरक्षित. नंतर गेलेले या कसोटीवर तपासता येतील. सीलिंगच्या सुधारणा तारखेनंतर चढल्या होत्या, पण त्यांना जमीन सुधारणेचे कायदे वाचवणाऱ्या कलम ३१-अ चं वेगळं कवच होतं. जमीनधारक तिसऱ्यांदा हरले, आणि बाकीच्या देशाला एक तारीख मिळाली. ११ जानेवारी २००७ ला कोएल्हो खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने ती पक्की केली.

इथे अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींची मोठी पंचाईत होते. आपल्याकडे परिशिष्ट ९ ला लगाम घातला तो मूलभूत ढाच्याच्या सिद्धान्ताने, आणि तो घटनेत कुठेही लिहिलेला नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या परंपरेतला माणूस पहिला प्रश्न विचारेल: हे कुठल्या कलमात आहे? न्यायाधीशांनी मनाने घटना लिहू नये, हा त्यांचा दुसरा आग्रह. मालमत्ता वाचवायची तर न्यायाधीशाला धाडस करू द्यावं लागतं, आणि ते धाडस नको असेल तर संसद बहुमताने वाट्टेल ते करू शकते. त्यांच्या देशात दुरुस्ती इतकी अवघड आहे की ही निवड करायची वेळच येत नाही. आपल्यावर ती आली.

त्यांच्या मताची एक काळी बाजूही नोंदवायला हवी. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात याच पाचव्या दुरुस्तीतल्या मालमत्तेच्या हक्काचा आधार घेऊन गुलाम मालकांना संरक्षण दिलं गेलं. आणि मोबदला देऊन जमीन सुधारणा त्यांच्याही घटनेत बसते: हवाईत अवघ्या ७२ मालकांकडे राज्यातली ४७ टक्के जमीन होती. ती भाडेकरूंना विकत देणारा कायदा १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मान्य केला. म्हणजे मालगुजारी कोर्टाला न टाळताही संपवता आली असती का? माझ्या मते आली असती, थोड्या उशिराने आणि बऱ्याच जास्त पैशांत. १९५१ च्या सरकारजवळ दोन्हींची टंचाई होती.

आंजीतल्या माणसाच्या हातात आज काय आहे? मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने गेला. त्याच दुरुस्तीने मिसाचं नाव परिशिष्टातून काढलं. कलम ३००-अ उरलं: कायद्याशिवाय मालमत्ता हिरावता येणार नाही. आणि ३१-अ मध्ये एक ओळ आहे जी सभांत क्वचित ऐकू येते: सीलिंगच्या आत स्वतः कसलेली जमीन सरकारने घेतली, तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला चालणार नाही. ती सतराव्या दुरुस्तीनेच आली.

परिशिष्टातला कायदा काढायला परिशिष्ट काढावंच लागतं असंही नाही. ३१-ब स्वतःच सांगतं की विधिमंडळ तो कायदा रद्द करू शकतं, बदलू शकतं. सीलिंग हा राज्याचा कायदा. मुंबईत साध्या बहुमताने त्याला हात घालता येतो. आवश्यक वस्तू कायद्यात २०२० मध्ये संसदेने बदल केला आणि २०२१ मध्ये बाकीच्या दोन कृषी कायद्यांबरोबर मागेही घेतला. परिशिष्टाने दोन्ही वेळा काही अडवलं नाही. अडतं ते दुसरीकडे. सीलिंगमध्ये निघालेली जमीन ज्या भूमिहीनांना वाटली, त्यांचाही या कायद्यावर हक्काचा दावा आहे, आणि तो रद्द करायचं म्हटलं की पहिली धास्ती त्यांनाच वाटते. त्यांच्या सातबाऱ्यावर आजही ‘भोगवटादार वर्ग-२’ लिहिलेलं असतं, आणि मुलीच्या लग्नाला त्यातला एकर विकायचा म्हटला तरी याच कायद्याच्या कलम २९ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते.