जुनं घर घेताना विजेचा अहवाल

भंडारा, तुमसर, पवनीत जुनं घर घेताना तपासणी करून घेतली आणि अहवालात ‘अर्थिंग अपुरं’ अशी ओळ दिसली, तर रंग-फरशीचं बोलणं बाजूला ठेवा. विदर्भात उन्हाळ्यात लोखंडी कूलरशिवाय भागत नाही. त्याच्या पत्र्यात वीज उतरली, की तिला जमिनीत जायची वाट अर्थिंग देतं. ते नसेल तर ओल्या हाताने कूलरला शिवणाऱ्याच्या अंगातून ती जाते. कूलरने दरवर्षी माणसं दगावतात, म्हणून या ओळीवर तडजोड नकोच.

‘एमसीबी आहे ना!’ असं घरमालक म्हणतील. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटवर पडते. जीवघेणी गळती तिला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. तिचं ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर ती लगेच पडली पाहिजे. मात्र त्याने अर्थिंग तपासलं जात नाही. ते परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून मोजूनच घ्या.

काळवंडलेले सॉकेट आणि फ्यूजमध्ये घातलेली जाड तार ही आगीची कारणं. ९ जानेवारी २०२१ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत नवजात बाळं दगावली, ते या जिल्ह्याला विसरता येणार नाही.

नव्या वायरिंगचा खर्च इसारापूर्वीच किमतीतून वजा करून मागा. मंजूर भार महावितरणच्या बिलावर दिसतो; एसी लावायचा असेल तर तोही पाहा.